मी प्याचे! विंचूरमध्ये बसून इटालियन शिकताना

विंचूरमध्ये राहून इटालियन कशाला शिकायचं, हे मला पाहुण्यारावळ्यांत इतक्यांदा विचारलं जातं की आता उत्तर एका दमात देतो. राज्य सरकारनं २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, औद्योगिक विकास महामंडळानं इथे गोदावरी वाइन पार्क उभं केलं, आणि कांद्याच्या उपबाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात वाइनच्या टाक्या आल्या. टाक्यांमागोमाग यंत्रं आली. द्राक्षं दाबायचे प्रेस, पंप, बाटल्या भरायची आणि बूच मारायची यंत्रं. नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच वायनरींत यातलं काही ना काही इटलीचं सापडतं. मी अशाच एका वायनरीत यंत्रांची देखभाल करतो. आयटीआयचा फिटर. यंत्र बसवायला पिएमोन्ते प्रांतातल्या कानेल्ली गावचा एक वयस्कर कारागीर आला. त्याला इंग्रजी जेमतेम, मला इटालियन शून्य. तिथून सुरुवात झाली. पुढे त्याच्या गावीही प्रशिक्षणाला जाऊन आलो. कानेल्ली आकारानं लहानच, पण बाटल्या भरण्याच्या यंत्रांमुळे वाइनच्या धंद्यातल्या लोकांना माहीत असलेलं.

ज्याला चार माणसांशी बोलण्यापुरती भाषा हवी आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय. परीक्षा द्यायची असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा.

१. इंग्रजीच्या वाटेनं जाऊ नका

बाजारात मिळणारी इटालियनची पुस्तकं इंग्रजी माणसासाठी लिहिलेली असतात. त्याला जे अवघड वाटतं ते त्यात पानंच्या पानं समजावलेलं असतं, आणि तेच नेमकं आपल्याला फुकट येत असतं. नामाला लिंग असतं, विशेषण त्याप्रमाणे बदलतं, हे वाचून इंग्रजी माणूस डोक्याला हात लावतो. आपण जन्मापासून ‘चांगला आंबा, चांगली कैरी’ म्हणतोय. ‘वीनो बुओनो, बिर्रा बुओना’ला आपण का घाबरायचं? उलट त्यांच्याकडे दोनच लिंगं, नपुंसकलिंगाची कटकट नाही. क्रियापदावरूनच बोलणारा कोण ते कळतं, म्हणून सर्वनाम गाळायचं. आपणही ‘जातो’ म्हणतो, दर वेळी ‘मी’ लावत नाही. ‘समजलं’ हे आपण भूतकाळात म्हणतो, तेही तसंच म्हणतात: ‘ओ कापीतो’. इंग्रजीतून गेलात तर ही सगळी सोपी वळणं अवघड होऊन पुढ्यात येतात. बाकीचे सगळे मुद्दे या एकाच गोष्टीचे फाटे आहेत म्हटलं तरी चालेल.

२. ऐका आणि देवनागरीत लिहा

माझ्या वहीत एकही इटालियन शब्द रोमन लिपीत नव्हता. पहिले काही महिने तरी तसंच असावं. इटालियन त आणि द हे आपल्यासारखे दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजी शाळेतली ट-ड ची सवय इथे नडते. गाव तोरीनो आहे, टोरिनो नाही. ‘ञ’ हे अक्षर आपण मुळाक्षरांत पाठ करून विसरून जातो, त्याचा त्यांच्याकडे रोज उपयोग होतो.

रोमन वाचायची वेळ आली की मोजकेच नियम लागतात. सी पुढे ई किंवा आय असेल तर च, नाही तर क. मध्ये एच घातला की पुन्हा क. जीचं तसंच, ज आणि ग. एससीपुढे ई-आय आलं की श. सुरुवातीचा एच मुका. एवढ्यावर दुकानाच्या पाट्या वाचता येतात.

खरी मेख जोडाक्षरात आहे. ‘कासा’ म्हणजे घर, ‘कास्सा’ म्हणजे खोका किंवा गल्ला. आमच्या पोरांनी त्या कारागिराला आपल्या पद्धतीनं ‘नाना’ म्हणायला सुरुवात केली. माणूस चांगला सहा फूट उंच. इटालियनमध्ये ‘नाना’ म्हणजे बुटकी बाई. ‘न’ला जोर देऊन ‘नान्ना’ म्हणालात तर लहान बाळाची गाई-गाई. आजोबा हवे असतील तर ‘नोन्नो’. त्यानं अर्थ सांगितला तेव्हा पोरं पोट धरून हसली, पण नाव बदललं नाही, आणि त्यालाही ते चाललं. इंग्रजीत वाढलेल्या कानाला हा न आणि न्न मधला फरक ऐकूच येत नाही. आपण मात्र ‘पका’ आणि ‘पक्का’ कधी एक म्हणत नाही.

३. घरातलं सामान आधी मोजा

विंचूरहून लासलगावला जाताना कांद्याच्या ट्रॅक्टरमधून वाट काढणारी रिक्षा असते ती ‘आपे’. पियाज्जो कंपनीनं ती १९४८ मध्ये इटलीत काढली, आता आपल्या बारामतीत बनते. आपे म्हणजे मधमाशी. त्याच कंपनीची स्कूटर वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. एके काळी बजाजनं परवान्यावर बनवलेली. गंमत अशी की रोमन पाटी वाचून इंग्रज त्या रिक्षाला ‘एप’ म्हणेल, म्हणजे माकड. आपला ड्रायव्हर शाळा सोडून आलेला असला तरी शुद्ध इटालियन उच्चार करतो.

दुसरं सामान पोर्तुगिजांनी ठेवून दिलंय. मराठीत पोर्तुगीज शब्द किती मुरलेत हे आपल्या ध्यानात नसतं, आणि पोर्तुगीज आणि इटालियन दोन्ही लॅटिनच्या मुली. त्यामुळे साबण म्हणजे ‘सापोने’, पाव म्हणजे ‘पाने’, बटाटा म्हणजे ‘पाताता’, चावी म्हणजे ‘क्यावे’. पैसे देणे याला ‘पागारे’ म्हणतात. पगार होण्याच्या दिवशी हा शब्द कामगारांना एकदाच सांगितला, पुन्हा सांगावा लागला नाही. क्यावे म्हणजे किल्ली आणि पानाही. आकडेही ओळखीचेच निघतात: दुए, त्रे, सेत्ते, ओत्तो, नोवे. दोन, तीन, सात, आठ, नऊ. हे नातं पोर्तुगिजांच्याही आधीचं, संस्कृत आणि लॅटिनच्या पूर्वजांचं.

४. ‘मी प्याचे’

हे प्रकरण मी कुणालाही पहिल्या आठवड्यात शिकवीन. वाइन चाखायच्या टेबलावर पाहुणा पेला उचलतो आणि म्हणतो, ‘मी प्याचे!’ आमच्याकडच्या बायका तोंडाला पदर लावतात. त्यांना वाटतं, प्यायचं म्हणतोय. तो म्हणत असतो, मला आवडली.

इथे इटालियन ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’. आणि वाक्याची घडण अक्षरशः मराठी. ‘मला वाइन आवडते’ यात आवडणारी गोष्ट कर्ता आणि आवडणारा माणूस ‘ला’ लावून बाजूला. ‘मी प्याचे इल वीनो’ तसंच आहे. गोष्टी अनेक झाल्या की आपण ‘आवडतात’ म्हणतो, ते ‘मी प्याच्चोनो’ म्हणतात. इंग्रजी माणसाला हे उलटं वाटतं, कारण त्याच्याकडे आवडणाऱ्या माणसाचं राज्य असतं. पुस्तकात या एका क्रियापदाला अख्खा धडा दिलेला असतो. मराठी माणसानं तो धडा उलटून पुढे जावं.

एकदा ही किल्ली हाती आली की दारं भराभर उघडतात. ‘मी सेर्वे’ म्हणजे मला लागतंय, पाहिजे. ‘मी सेर्वे ऊना क्यावे’, मला एक पाना पाहिजे. ‘मी सेम्ब्रा’ म्हणजे मला वाटतं. ‘मी फा माले ला तेस्ता’ म्हणजे डोकं दुखतंय. पाना, पाइप, पाणी, चहा, रजा, जे हवं त्याचं नाव माहीत नसेल तर बोट दाखवायचं आणि ‘मी सेर्वे’ म्हणायचं. कानेल्लीत सुरुवातीला माझं जेवणखाण याच एका क्रियापदावर चाललं.

पण सगळीकडे मराठी घुसवता येत नाही. भूक आणि तहान त्यांना ‘लागत’ नाही, त्यांच्याजवळ ‘असते’: ‘ओ फामे’, ‘ओ सेते’. वयाचंही तसंच, वर्षं ‘असतात’. इथे ‘आन्नी’ म्हणजे वर्षं, या शब्दातल्या जोडाक्षराची काळजी घ्या. एकच न म्हणालात तर वयाऐवजी शरीराच्या अशा भागाची चौकशी होते की समोरचा गृहस्थ एक तर हसेल किंवा उठून जाईल.

५. शब्द आपल्या कामातून घ्या

पुस्तकात पहिला धडा विमानतळाचा, दुसरा हॉटेलचा. माझा पहिला धडा होता गळका पंप. ‘पेर्दे’, गळतोय. ‘नोन पार्ते’, सुरू होत नाही. ‘फा रूमोरे’, आवाज करतोय. ‘सी ए रोत्तो’, तुटलं. हे चार प्रयोग यंत्राला लागू होतात, तसे स्कूटरला, नळाला, आणि दुखऱ्या गुडघ्यावर चेष्टेनं बोलताना माणसालाही. शिक्षकाला पहिला धडा शिकवण्याचा पाहिजे, गृहिणीला स्वयंपाकघराचा, सोनाराला पेढीचा. माणूस आपल्या कामाबद्दल बोलतो तेव्हा त्याला लाज वाटत नाही, आणि समोरचाही मन लावून ऐकतो.

आमच्या कामाचे शब्द मोठे मजेदार निघाले. ‘कांतीना’ म्हणजे वाइन बनवायची, साठवायची जागा. पहिल्या दिवशी नानांनी ‘कांतीना कुठे’ विचारलं तर सुपरवायझर त्यांना वडापावच्या कॅन्टीनला घेऊन गेला. फार काही चुकलं नाही. इंग्रजांचं कॅन्टीन फ्रेंचांमार्गे याच कांतीनातून आलंय. बुचाला ‘ताप्पो’, लेबलला ‘एतिकेत्ता’, रसाला ‘मोस्तो’. ‘वीते’ म्हणजे स्क्रू, आणि ‘वीते’ म्हणजे द्राक्षाचा वेलही. वेलाच्या पिळदार तणाव्यावरून स्क्रूला हे नाव पडलं. फिटर आणि बागायतदार एकच शब्द बोलतात हे मला फार आवडलं.

आणि द्राक्षं? ‘ऊवा’. तोडणीच्या हंगामात एका पाहुण्यानं क्रेटमध्ये डोकावून कौतुकानं ‘बेल्ला ऊवा!’ म्हटलं, तेव्हा तोडणीच्या बायांनी आधी एकमेकींच्या डोक्याकडे पाहिलं.

६. अर्धी भाषा किरकोळीत असते

शब्दसंग्रह वाढवण्याच्या नादात लोक किरकोळ शब्द सोडून देतात. मला वाटतं बोलणं त्यांच्यावरच चालतं. ‘अल्लोरा’ म्हणजे आपलं ‘तर मग’. विचार करायला वेळ हवा असला की तो लांबवून म्हणायचा. ‘एक्को’ म्हणजे ‘हे घ्या’, ‘हा बघा’, ‘तेच म्हणतोय मी’. ‘बो’ म्हणजे ‘काय की’, त्याबरोबर खांदे उडवणं सक्तीचं. ‘दाय’ म्हणजे ‘चल रे’, ‘अरे सोड ना’, ‘काय सांगतोस’, सुरावर ठरतं. ‘मगारी’ म्हणजे ‘झालं तर बरंच की’. यंदा भाव मिळेल का, असं आमच्याकडे कुणा शेतकऱ्याला विचारलं तर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मगारी.

‘प्रेगो’ हा शब्द आभाराला उत्तर म्हणून शिकवतात. प्रत्यक्षात तो या बसा, आधी तुम्ही, बोला काय हवं, खुशाल घ्या, या सगळ्याला चालतो. कुणाच्या घरात पाऊल ठेवताना ‘पेर्मेस्सो’ म्हणायचं, दार उघडं असलं तरी. कुणी काम करत असेल तर निघताना ‘बुओन लावोरो’ म्हणतात, काम चांगलं होवो. आपल्याकडे जेवणाऱ्याला ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात. काम करणाऱ्याला काही म्हणायची पद्धत नाही, असायला हवी होती.

द्विरुक्ती त्यांनाही आवडते. हळूहळूला ‘प्यानो प्यानो’, ठीकठाकला ‘कोझी कोझी’. तोंडात बसायला वेळ लागत नाही.

७. अहो-जाहोचा हिशेब

‘तू’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, अर्थासकट. त्यामुळेच जपून. अनोळखी, वयानं मोठा, अधिकारी अशा माणसाला ‘लेइ’ म्हणतात, आणि क्रियापद तृतीय पुरुषी वापरतात. पुस्तकात हे वाचून विचित्र वाटतं. पण आपल्या गावात समोर बसलेल्या पाटलालाच ‘पाटील चहा घेतील ना?’ असं विचारतातच की. तो सूर डोक्यात ठेवला की लेइ जमतं. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे तेच. दक्षिण इटलीत जुनी माणसं अजून ‘वोइ’ म्हणजे ‘तुम्ही’ वापरतात, ते तर आपलंच.

नानांशी मी बरेच दिवस लेइनं बोललो. मग एकदा पंप सुरू झाल्याच्या आनंदात ते म्हणाले, ‘द्यामोची देल तू.’ आपण एकमेकांना अरे-तुरे करू या. मोठ्यानं हे आधी म्हणायचं असतं, धाकट्यानं वाट बघायची. म्हटलं, हो. पण साठी उलटलेल्या माणसाला ‘तू’ म्हणताना माझी जीभ अजूनही अडते, आणि अडली तर अडू द्यावी असं माझं मत आहे.

८. आकडे ताडून घ्या

सेस्सांता म्हणजे साठ, सेत्तांता म्हणजे सत्तर. गरम पाण्यानं यंत्र निर्जंतुक करताना या दोन आकड्यांची अदलाबदल परवडत नाही. आकडा फोनवर कळला तरी लिहून मागवावा. आणि लिहिलेलाही नीट वाचावा: ते दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजार वेगळे दाखवायला टिंब. १,५ म्हणजे दीड, १.५०० म्हणजे पंधराशे.

९. सांगायला एक गोष्ट असू द्या

नाव, गाव, नोकरी झाली की नवशिक्याचं संभाषण संपतं. त्यापुढे टिकायचं तर आपल्याजवळ एक अशी गोष्ट हवी जी ऐकायला समोरच्याला आवडेल, आणि ती शिकाऊ भाषेत सांगता यावी इतकी घोटलेली हवी.

मी दोन गोष्टी घोटल्या. एक अकलूजची. सोलापूर जिल्ह्यात मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून वाइनचा कारखाना काढला आणि नावही ‘फ्रातेल्ली’ ठेवलं, म्हणजे भाऊ. तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ प्येरो माझी तिथे आले, सांजोवेझे ही त्यांच्याकडची द्राक्षाची जात आपल्या मातीत लागली. ही गोष्ट वाइनच्या धंद्यातल्या माणसाला पुरते.

दुसरी सगळ्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेवेरे नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपली तुकडी पडल्यावर एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच कामी आले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेन्यो नदीवर, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी जखमी साथीदार पाण्यातून, सुरुंगांतून सुरक्षित जागी नेले, शत्रूची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली, असं त्यांच्या सन्मानपत्रात नोंदलं आहे. घाडग्यांच्या नावाचं छायाघड्याळाचं स्मारक २०२३ मध्ये उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावी उभं राहिलं.

‘वेंगो दाल महाराष्ट्र’, मी महाराष्ट्रातून आलो, असं म्हणून मी ही गोष्ट वर्तमानकाळातच सांगतो, कारण भूतकाळ अजून लटपटतो. ‘यशवंत जातो. एकटा जातो.’ ऐकणाऱ्यांत एखादा म्हातारा असला की तो मध्येच बोलायला लागतो, त्याच्या बापानं सांगितलेलं, त्याच्या गावातलं. मग मला बोलावंच लागत नाही. नुसतं ऐकायचं, मध्ये मध्ये ‘चेर्तो’, म्हणजे ‘नक्कीच’, म्हणायचं. माझं निम्मं इटालियन अशा ऐकण्यातून आलंय.

१०. फोनवर वेगळी भाषा लागते

समोरासमोर हातवारे निभावून नेतात. फोनवर ते जातात. म्हणून काही वाक्यं तोंडपाठच हवीत. उचलल्यावर ‘प्रोंतो’. मग ‘प्यू प्यानो, पेर फावोरे’, जरा सावकाश बोला. ‘मी मांदी ऊना फोतो’, मला फोटो पाठवा. ‘अस्पेत्ती’, थांबा. गॅस्केटला ‘ग्वार्नित्स्योने’ म्हणतात; हा शब्द मी आंघोळीला जाताना घोकत असे, आता तो झोपेतही येतो.

वेळेचं गणित कागदावर लिहून चिकटवा. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. आमचा तोडणीचा हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणजे आमचे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा तिकडे साडेसहाला अंधार असतो. आमच्याकडे साडेपाच वाजले की ते जेवायला उठलेले, आणि इटालियन माणसाला जेवणाच्या वेळी फोन लावण्यापेक्षा पंप बंद पडलेला परवडला.

ऑगस्टमध्ये तर लावूच नका. १५ ऑगस्टला आपल्याकडे झेंडावंदन, त्यांच्याकडे फेर्रागोस्तोचा सण, आणि त्याच्या मागेपुढे निम्मा देश समुद्रावर गेलेला असतो. कारखान्यांना कुलूप, फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज. तो आवाज आता मला शब्द न् शब्द कळतो, पण त्यानं सुटा भाग मिळत नाही. ग्वार्नित्स्योने जुलैतच मागवून ठेवा.